वडिलांच्या 84 च्या बुलेटचं कास्ट आयर्न (बिडाचं) इंजिन 2006 च्या बुलेट इलेक्ट्राच्या चेसिसमध्ये बसवायचंय (नाशिक)

काळी_टाकी

मंडळी नमस्कार. इथे बरेच दिवस नुसतं वाचतोय, लिहायला आज बसलो, जरा लांबेल पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही म्हणून लिहितोच.

वडील सरकारी छापखान्यात, प्रेसला होते नाशिकरोडला. 84 साली त्यांनी बुलेट 350 घेतली, तीन अक्षरी जुना नंबर, अजून त्यांच्याच नावावर आहे. रिटायर होईपर्यंत रोज त्याच गाडीवर ड्यूटी, आई आणि आम्ही दोघं भाऊ त्याच गाडीवर वणीला सप्तशृंगीला जायचो, धाकटा पुढे टाकीवर बसायचा. पण चेसिस आता संपलीय. मागच्या शॉकपच्या वरच्या माउंटपाशी तीनदा वेल्डिंग झालंय, आणि पुढचा उभा पाइप जिथे इंजिन प्लेटला येऊन संपतो तिथे क्रॅक आहे, नखाने चाचपलं तरी कळतो. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, बुलेटच्या या चेसिसला इंजिनखालून पाइप जात नाही, पुढचा पाइप आणि मागचा भाग यांना जोडणारं इंजिनच असतं. म्हणजे तिथे क्रॅक असेल तर ती गाडी रस्त्यावर आणायचीच नाही असं माझं मत झालं आणि नऊ वर्षं ती ताडपत्रीखाली उभी राहिली.

इंजिन मात्र चांगलं आहे. मध्ये एका गॅरेजने टॅपेट (व्हॉल्व्हची फट ठरवणारे) इतके टाइट ठेवले होते की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसायचाच नाही आणि जळाला, तेवढं सोडलं तर कधी दगा दिला नाही. हेड मी नंतर करून घेतलं.

आता दुसरी बाजू. ओळखीत एक इलेक्ट्रा मिळाली, 2006 ची, पाच गिअरवाली, डाव्या पायाचा गिअर, पुढे डिस्क. कॉन रॉड (पिस्टनचा दांडा) तुटून तिची क्रँककेस (इंजिनची खालची पेटी) फुटलीय, बाकी चेसिस सरळ, कागद क्लिअर, MH-15 चाच नंबर. घेतली. विचार असा की वडिलांचं इंजिन त्या चेसिसमध्ये, त्या गाडीच्याच गिअरबॉक्सला जोडून. दोन्ही कास्ट आयर्नच, 70 बाय 90 चा बोअर-स्ट्रोक, 346 सीसी, त्यामुळे माउंट तेच असायला हवेत. पण अडचणी कुठे येतील ते मला कळत नाहीये, जुनं इंजिन 6 व्होल्टचं आहे, पॉइंटचं आहे (ठिणगीसाठी उघड-मिट होणारे संपर्क), आणि त्या गाडीचं वायरिंग 12 व्होल्टचं. कोणी केलंय का असं? आणि एक अट मी स्वतःलाच घालून घेतलीय, काहीही कापायचं नाही, ग्राइंडर लावायचा नाही, वेल्डिंग करायचं नाही. उद्या जुनी चेसिस नीट करता आली तर इंजिन जसंच्या तसं परत जायला पाहिजे.

मनमाड_जंक्शन

भाऊ एवढं करतोयस तर क्लासिकच्या चेसिसमध्ये का नाही बसवत? 2010-12 च्या भरपूर मिळतात, दिसायला पण जुन्यासारखीच.

अंबडचा_टर्नर

@मनमाड_जंक्शन नाही जमत भाऊ. क्लासिकमध्ये जे यूसीई इंजिन आलं त्यात इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कव्हरमध्ये आहे. कास्ट आयर्नमध्ये इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा, दोघांना मागच्या प्लेटांनी धरलेलं असतं. यूसीईच्या चेसिसमध्ये तो मागचा हिशोबच वेगळा आहे, प्लेटा नवीन बनवायच्या, लग कापायचे, वेल्ड करायचे, म्हणजे यांनी जे करायचं नाही म्हटलंय नेमकं तेच. मी एक असं काम बघितलंय, चार महिन्यांत मागची प्लेट तडकली.

@काळी_टाकी तुमची निवड बरोबर आहे. माझं अंबडला लेथचं काम आहे, बुलेटची कामं बरीच येतात म्हणून सांगतो. इंजिन चेसिसला लटकवणं हे अर्ध्या दिवसाचं काम, खरी गोष्ट चेन लाइनची आहे. इंजिनवरचं स्प्रॉकेट आणि क्लचचं स्प्रॉकेट एका रेषेत आलं पाहिजे, डबल चेन आहे ती, एक मिलीमीटर जरी तिरकी चालली तरी दात एका बाजूने खाल्ले जातात आणि आवाज येतो तो लोक पिस्टनचा समजतात. जुनं इंजिन, नवा गिअरबॉक्स, दोन्हीत वीस-बावीस वर्षांचं अंतर, त्यामुळे जुळेलच असं धरून चालू नका. कव्हर लावायच्या आधी स्टीलची सरळ पट्टी दोन्ही स्प्रॉकेटवर आडवी टेकवा आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. फरक आला तर शिम (पातळ चकती) टाका, शिम मी करून देईन, स्प्रॉकेट घासत बसू नका.

दुसरं, डबल चेनचं ढिलेपण मधोमध साधारण 6 एमएम ठेवा, टेन्शनरचा बोल्ट खालून आहेच. आणि सगळे जोड आधी हाताने लावा, इंजिनच्या पुढच्या प्लेटा, खालचा बोल्ट, मागच्या प्लेटा, वरची हेडची पट्टी, सगळे बोल्ट हाताने आत जायला हवेत. एखादा बोल्ट हातोड्याने आत घालावा लागतोय म्हणजे कुठेतरी ताण आहे, आणि तुम्हीच वर लिहिलंय की इंजिन चेसिसचा भाग आहे, मग तो ताण क्रँककेसवर येणार. सगळं बसल्यावरच एकेक करून आवळत या.

घाटवेडी

काम मस्त आहे पण मला एका गोष्टीची काळजी वाटते. काकांना 84 पासून उजव्या पायाने गिअर आणि डाव्या पायाने ब्रेक ही सवय. जुन्या चार गिअरवर पहिला वर, बाकी तीन खाली. इलेक्ट्रावर डाव्या पायाने गिअर, पहिला खाली आणि चार वर, ब्रेक उजवीकडे. म्हणजे पाय पण उलटे आणि दिशा पण उलटी. काका चालवणार असतील तर घाईच्या क्षणी पाय जुन्या जागीच जाणार. माझ्या बाबांचं झालंय असं, माझ्या मॅचिस्मोवर (एनफिल्डचंच डाव्या गिअरचं मॉडेल) बसले आणि द्वारकेच्या सर्कलपाशी ब्रेक म्हणून गिअर दाबला. काही लागलं नाही पण मागच्या रिक्षावाल्याने कसाबसा वाचवला. इंजिनबरोबर जुना चार गिअरचा बॉक्स पण टाका ना, तोही मागच्या प्लेटांवरच बसतो.

काळी_टाकी

@घाटवेडी ताई हे माझ्या डोक्यातच नव्हतं, खरंच. जुना बॉक्स टाकायचा तर ब्रेकचा पेडल पण डावीकडे न्यावा लागेल, मागचा ब्रेक पण जुना, म्हणजे मागचं निम्मं चेसिसच जुनं करणं आलं. वडिलांशी बोललो काल. ते म्हणाले मी आता चालवणार नाही रे, गुडघा किक मारू देत नाही, मला मागे बसव आणि गडावर ने. मग पाच गिअरच ठेवतोय.

पंचवटी_पेपरवाला

नट-बोल्टच्या आधी कागदाचं बघा असं मी सगळ्यांना सांगतो, माझं इन्शुरन्सचं काम आहे, रोज पेठ रोडला आरटीओत असतो.

गाडी म्हणजे कायद्याच्या हिशोबात चेसिस. म्हणजे तुमची ही गाडी 2006 ची इलेक्ट्राच राहणार, तिच्या आरसीवर इंजिन नंबर बदलणार. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 आहे, आरसीवरच्या नोंदींशी न जुळणारा बदल करायचा नाही, आणि इंजिन बदललं तर नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. मंजुरीशिवाय बदललं असेल तर 14 दिवसांच्या आत कळवावं लागतं आणि आरसी द्यावी लागते. माझा सल्ला आधी अर्ज, मग काम. जानेवारी 2019 ला सुप्रीम कोर्टाने पण स्पष्ट केलंय की कंपनीच्या मूळ नोंदींपेक्षा वेगळी गाडी करता येणार नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ खाली बेकायदा बदलाला एका बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. तुमच्या बाजूने चांगलं हे की इंजिन त्याच कंपनीचं, त्याच सीसीचं, पेट्रोलचंच आहे.

इंजिन कुठून आलं याचा पुरावा लागेल. वडिलांची जुनी आरसी ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे तुमच्याकडे, ती जपून ठेवा, वडिलांचं संमतीपत्र जोडा. बाजारातून सुटं इंजिन आणणारे इथेच अडकतात, ते चोरीच्या गाडीचं निघालं तर उत्तर द्यायला काही नसतं. आणि जुन्या गाडीचं इंजिन काढलंय हे तिच्या आरसीच्या बाबतीत पण कळवावं लागेल, एकच इंजिन नंबर दोन आरसीवर राहता कामा नये. तपासणीला इन्स्पेक्टर चेसिस आणि इंजिन दोन्ही नंबरची पेन्सिल छाप घेतील, तेव्हा नंबरवरचा रंग आणि ग्रीस आधीच साफ करा, पण पॉलिश पेपर अजिबात मारू नका. नंबर घासलेला दिसला की सगळं काम थांबतं.

इन्शुरन्स कंपनीला पण लेखी कळवा. नवीन इंजिन नंबर पॉलिसीवर चढला पाहिजे, नाहीतर क्लेमच्या वेळी हात वर करतील.

मनमाड_जंक्शन

पीयूसीचं काय? जुनं इंजिन आहे.

पंचवटी_पेपरवाला

चांगला प्रश्न. 31 मार्च 2000 च्या आधीच्या दुचाकीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) साडेचार टक्क्यांपर्यंत चालतो, तुमच्या 2006 सारख्या नंतरच्या फोर स्ट्रोकला साडेतीन टक्के आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) 4500 पीपीएम. गाडी 2006 ची म्हणजे साडेतीनच लागू. 84 चं इंजिन आहे म्हणून कोणी सवलत देणार नाही.

अंबडचा_टर्नर

साडेतीनमध्ये येतं. कार्बोरेटर मिकार्बचा 24 एमएम असेल तर इंजिन नीट गरम करून एअर स्क्रू सेट करा, रिंगा बसलेल्या असल्या आणि ऑइल जळत नसलं तर अडचण नाही. थंड इंजिनवर पीयूसीला नेऊ नका.

काळी_टाकी

अर्ज दिला पेठ रोडला. दोन्ही आरसी, वडिलांची संमती, दोघांचं आधार, सगळं एका फाइलमध्ये. दोन फेऱ्या झाल्या, तिसऱ्या फेरीत मंजुरी मिळाली, आता कामाला हात लावलाय. @पंचवटी_पेपरवाला तुम्ही अर्जाचा मसुदा वाचून दिलात त्याचा फार उपयोग झाला.

इंजिन पूर्ण खोललं. बोअर घासलेला निघाला, वरच्या बाजूला नख अडकेल एवढी पायरी, म्हणून एक साइज मोठा पिस्टन टाकून बोअर करून घेतला. बिग एंडला (कॉन रॉडच्या खालच्या टोकाला) या इंजिनात बेअरिंगच्या गोळ्या नसतात, सुटा फिरणारा बुश असतो, तो चांगला निघाला, कॉन रॉड वर-खाली हलवून बघितला, अजिबात ठोका नाही. ऑइल पंप दोन्ही खोलले, एक पुरवणारा आणि एक परत ओढणारा. पुरवणाऱ्या पंपाची डिस्क बसत नव्हती नीट, म्हणून गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीतलं ऑइल सगळं खाली क्रँकमध्ये उतरायचं आणि चालू केली की निळा धूर. वडील म्हणायचे ही तिची सवयच आहे. सवय नव्हती ती. काचेवर बारीक पेस्ट लावून डिस्क घासली, आता बसली.

मग इंजिन चेसिसमध्ये. सगळे बोल्ट हाताने गेले, पुढचे, खालचे, मागचे, एकालाही हातोडा लागला नाही. इतका आनंद झाला की मी वडिलांना खाली बोलावलं.

आणि मग पट्टी टेकवली. क्लचचं स्प्रॉकेट बाहेर, इंजिनचं आत, फिलर गेजने मोजलं तर सव्वा एमएमच्या आसपास. टर्नरदादा तुम्ही सांगितलं नसतं तर मी कव्हर लावून मोकळा झालो असतो.

अंबडचा_टर्नर

रविवारी या, इंजिनचं स्प्रॉकेट आणि गेज दोन्ही आणा. शिम कडक स्टीलची करू, पत्र्याची नको, पत्रा चेपतो आणि दोन महिन्यांत परत तोच फरक.

घाटवेडी

इलेक्ट्रिकचं काय ठरवलंत? 6 व्होल्ट ठेवलात तर रात्रीचं कसारा घाटात काही दिसणार नाही.

काळी_टाकी

12 व्होल्टच केलं. इलेक्ट्राचाच स्टेटर आणि रोटर (वीज तयार करणारी जोडी) घेतला, रेग्युलेटर-रेक्टिफायर तिचाच. रोटर आणि स्टेटरमधली फट सगळीकडून सारखी हवी, 8 थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ठेवायची असं एका जुन्या मेकॅनिककाकांनी सांगितलं, तर माझी एका बाजूला 4 आणि समोरच्या बाजूला 12 येत होती. स्टडच्या भोकात जेवढी मोकळीक होती तेवढी वापरून, 8 थाउच्या पत्र्याची पट्टी रोटरभोवती गुंडाळून त्यावर स्टेटर बसवला, नट आवळले, पट्टी ओढून काढली. तीन वेळा केल्यावर सारखी आली.

कॉइल 12 व्होल्टची, कंडेन्सर नवीन, पण पॉइंट मी ठेवलेत. इलेक्ट्रॉनिक लावा असं चार जणांनी सांगितलं आणि त्यात चूक काही नाही, पण पॉइंटची गाडी रस्त्यात बंद पडली तर स्क्रू ड्रायव्हर, फिलर गेज आणि पॉलिश पेपरचा तुकडा एवढ्यावर चालू होते, हे मी लहानपणी वडिलांना घोटीपाशी पावसात करताना बघितलंय. गॅप 15 थाउ ठेवला. टायमिंग पिस्टन वरच्या टोकाच्या 0.8 एमएम आधी, प्लगच्या भोकातून पट्टी घालून मोजलं, पॉइंट उघडताना सिगरेटच्या पाकिटातला पातळ कागद सैल होतो तो क्षण पकडायचा.

मनमाड_जंक्शन

चालू झाली का नाही ते सांगा आधी!

काळी_टाकी

शनिवारी संध्याकाळी चालू झाली. सांगतो कशी.

शिम बसवली, पट्टी दोन्ही स्प्रॉकेटवर सपाट टेकली, चेन चढवली, कव्हर लावलं, या कव्हरला मधोमध एकच नट असतो तो जास्त आवळला तर कव्हर वाकतं आणि ऑइल गळतं म्हणून बेताने आवळला. टॅपेट थंड इंजिनवर, पुश रॉड (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) दोन बोटांनी गोल फिरला पाहिजे पण वर-खाली हलता कामा नये, असे ठेवले. 20W50 ऑइल भरलं. प्लग काढून वीस-पंचवीस किका मारल्या, रॉकरच्या ऑइल पाइपचा बोल्ट सैल केला, तिथून ऑइल झिरपायला लागलं तेव्हाच प्लग लावला. ऑइल वर पोचल्याशिवाय चालू करायची नाही हे मी ठरवलेलंच होतं.

वडील खुर्ची टाकून बसले होते पार्किंगमध्ये. मी किक मारायला लागलो, दोन-तीन मारल्या, काही नाही. ते उठले, काठी बाजूला ठेवली, डावा हात डीकॉम्प्रेसरच्या (सिलिंडरमधला दाब सोडणाऱ्या) लिव्हरवर ठेवला आणि म्हणाले अँपिअर मीटर बघ, माझ्याकडे नको बघू. इग्निशन चालू असल्यावर काटा डावीकडे झुकलेला असतो, किक हळू दाबत गेलं की एका जागी पॉइंट उघडतात आणि काटा मध्ये येतो. त्यांनी लिव्हर दाबून धरला, मी किक हळूहळू खाली नेली, काटा मधे आला, ते म्हणाले अजून थोडी, अजून थोडी, बस, आणि लिव्हर सोडला. किक वर घेतली आणि पूर्ण ताकदीने मारली. चालू.

तो आवाज मी नऊ वर्षांनी ऐकला. शेजारचे दोन मजले खाली आले. वडील काही बोलले नाहीत, टाकीवर हात ठेवून उभे होते, इंजिन मंद चालत होतं आणि त्यांचा हात त्या ठोक्याबरोबर हलत होता.

घाटवेडी

वाचताना डोळ्यात पाणी आलं हो. काकांना नमस्कार सांगा.

अंबडचा_टर्नर

छान काम. आता पहिले 500 किलोमीटर 50 च्या पुढे न्यायची नाही, आणि एकाच स्पीडला पण धरून ठेवायची नाही, कमी-जास्त करत राहा. 250 ला ऑइल बदला. इंजिनचे सगळे माउंट बोल्ट पहिल्या 100 नंतर परत आवळा, हे विसरू नका, नवीन जागा मिळालेलं इंजिन बसतं आणि बोल्ट सैल होतात, सैल माउंटवर चालवली तर चेसिस तुटते, तुमच्या जुन्या चेसिसला पण कदाचित हेच झालं असेल.

काळी_टाकी

@अंबडचा_टर्नर शक्य आहे. जुन्या चेसिसचे मागच्या प्लेटचे बोल्ट काढले तेव्हा दोन हातानेच फिरले होते, तेव्हा मी त्याचा अर्थ लावला नव्हता.

अपडेट. त्र्यंबक रोडने अंजनेरीपर्यंत तीन वेळा जाऊन आलो, 140 किलोमीटर झाले. 100 ला बोल्ट आवळले, पुढच्या प्लेटचा खालचा बोल्ट पाऊण फेरा फिरला. पाच गिअरमुळे 50 ला इंजिन पूर्वीपेक्षा शांत चालतं असं मला वाटतं, आणि पुढच्या डिस्कचा फरक फार मोठा आहे, जुन्या ड्रमवर मी सातपूरच्या सिग्नलला जीव मुठीत धरून थांबायचो. चेनच्या बाजूचा आवाज स्वच्छ आहे. सिलिंडरच्या बुडाला एका बाजूला ऑइलचा ओलावा येतोय, थेंब पडत नाही, पण पुसलं की संध्याकाळी परत येतं. गॅस्केट परत करायची का आधी नट क्रॉसमध्ये आवळून बघायचे?

अंबडचा_टर्नर

आधी आवळा, थंड इंजिनवर, समोरासमोरचे, थोडे थोडे. आणि मग टॅपेट परत बघा, बुडाला आवळलं की टॅपेटचं सेटिंग बदलतं. तरी राहिलं तर गॅस्केट.

पंचवटी_पेपरवाला

तपासणी झाली का?

काळी_टाकी

मंगळवारची तारीख आहे. पीयूसी काढली काल, गरम करून नेली, सीओ 2.9 आला. नंबर रॉकेलच्या फडक्याने साफ केलेत, काही घासलेलं नाही. जुनी चेसिस प्रायमर मारून, पाइपांची तोंडं बंद करून वर माळ्यावर ठेवलीय, सगळे जुने बोल्ट डब्यात भरून प्रत्येकावर कुठला ते चिकटवलंय. टॅपेट बघितले, एक्झॉस्टचा पुश रॉड जड फिरत होता, सैल केला. बुडाचा ओलावा थांबलाय, चार दिवस कोरडं आहे.

500 पूर्ण झाले की वडिलांना मागे बसवून दिंडोरीमार्गे वणी आणि तिथून नांदुरीचा घाट. त्यांनी आत्ताच विचारलंय की घाटात तिसऱ्यावर चढेल का.